नसबंदीनंतर पुन्हा धावणं: येऊरचा चढ कधीपासून?

उपवनचा_फेरीवाला

वय ३९, मुक्काम वर्तकनगर, नोकरी ऐरोलीला. दोन मुलं. धाकट्याच्या वेळी बायकोचं सीझर झालं तेव्हा 'आता पोट उघडलंच आहे तर तेही उरकून टाकू' असं तिथल्या डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या होत्या. बायको नको म्हणाली. मी म्हटलं, पुढचं माझ्याकडे. त्याला धाकटा बालवाडीत जाईपर्यंत मुहूर्त लागला नाही. गेल्या आठवड्यात शेवटी बिनटाक्याची नसबंदी करून आलो.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भुलीची सुई टोचते तेवढीच. मग दोन्ही बाजूंना एकेकदा कुणीतरी पार पोटातून दोरी ओढल्यासारखं वाटतं, कपाळाला घाम येतो आणि तेवढ्यात 'झालं' म्हणतात. पंधरा-वीस मिनिटांचा मामला. येताना मात्र रिक्षा केली आणि कॅडबरी सिग्नलपासून घरापर्यंतचा एकेक खड्डा जिवाला लागला.

आता मुद्दा. मी धावतो. रोज उपवन तलावाला फेऱ्या, रविवारी येऊरचा डोंगर, जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची फुल, म्हणजे ४२ किलोमीटर, आहे. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर जड काम नको. धावण्याचं विचारलं तर म्हणाले, 'दुखलं तर थांबा.' आता धावणाऱ्या माणसाला हे सांगून काय उपयोग? दुखलं तरी थांबायचं नाही, हेच तर आम्ही वर्षभर शिकत असतो!

सध्याची परिस्थिती अशी: छिद्र जवळजवळ मिटलंय. खाली जांभळट-पिवळा डाग आहे, तो मांडीच्या बाजूला उतरतोय. दुखत असं नाही, पण दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी घरी आलो की जड जड वाटतं. डाव्या बाजूला हाताला वाटाण्याएवढं काहीतरी लागतं.

ग्रुपवर एकालाच सांगितलं होतं, म्हणजे आता सगळ्यांना माहीत आहे. एक म्हणतो, 'काही होत नाही, रविवारी ये.' दुसऱ्याच्या मेव्हण्याचा म्हणे स्टॅमिना कायमचा गेला. त्यात गणपती तोंडावर. आमच्याकडे मूर्ती मीच आणतो, शाडूची, पाटासकट चांगली जड. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

खिल्ली उडवायची असेल तर खुशाल उडवा, पण खाली दोन ओळी कामाच्याही लिहा.

पामबीच_पहाटे

खिल्ली कोण उडवेल? जे बोलतात त्यातल्या निम्म्यांच्या बायकांनी ऑपरेशन केलेलं असतं आणि हे वॉर्डाबाहेर चहा पीत बसलेले असतात.

मी नवी मुंबईत नेरूळचा, पामबीच रोडवर पळतो, पन्नाशीकडे चाललोय. माझी कोविडच्या आधी झाली. तेव्हा विचारायला कुणी नव्हतं, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

पहिली गोष्ट, ते छिद्र. बिनटाक्याच्या पद्धतीत कातडी कापत नाहीत, टोकदार चिमट्याने फाकवतात. म्हणून ती दोन-चार दिवसांत मिटते, आणि तिथेच माणूस फसतो. आरशात बघतो, काही दिसत नाही, बूट चढवतो. पण काम झालंय ते आत. दोन्ही नळ्या बाहेर ओढून कापल्यात, बांधल्यात, त्यांच्या भोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या हाताळल्यात. हात किंवा पाय कापला तर आजूबाजूचं मांस आवळून धरतं आणि रक्त थांबतं. इथे पिशवीच सैल. आत एखादी बारीक शीर झिरपायला लागली तर तिला दाबून धरणारं काही नसतं, रक्त साचत जातं. त्याला हिमॅटोमा म्हणतात. शंभरात एखाद्या-दुसऱ्यालाच होतो, पण ज्याला होतो त्याचा महिना-दीड महिना जातो. पहिल्या आठवड्यातली सगळी पथ्यं, बर्फ, आडवं पडणं, जड न उचलणं, याच एका गोष्टीसाठी असतात.

तुमचा डाग खाली उतरतोय, पिवळा पडतोय, म्हणजे जुनं रक्त विरघळतंय. चांगलं लक्षण. जड वाटणंही अपेक्षित आहे. कारखाना चालूच आहे आणि माल बाहेर जायचा रस्ता बंद केलाय, तेव्हा मागे थोडा तटाव येणारच. शरीर ते सगळं शोषून घ्यायला शिकतं, काही आठवड्यांत कळतही नाही. वाटाण्याएवढी गाठ बहुतेक कापलेल्या टोकाशी असते आणि त्रास देत नाही. पण फोरमवरच्या माणसाच्या शब्दावर राहू नका, पुढच्या तपासणीला डॉक्टरांचा हात लावून घ्या.

धावण्याआधी रोजच्या जगण्याकडे बघा. घात तिथे होतो. तुम्ही ठाणे-ऐरोली लोकलने जाता ना? बॅग पुढे घेऊन उभं राहायची आपल्याला सवय. लॅपटॉपचा कोपरा बरोबर कुठे लागतो ते गाडीने ब्रेक मारला की कळतं. थोडे दिवस बॅग रॅकवर टाका किंवा हातात धरा. अॅक्टिव्हा नको. ठाण्यातले स्पीडब्रेकर आणि तुमची सीट यांचं या महिन्यात जमणार नाही. धाकटा पळत येऊन मांडीवर उडी मारेल, तेव्हा सोफ्यावर बसताना उशी घेऊन बसा. आमच्या घरात तिला 'ढाल' म्हणायचे. आणि पोट साफ ठेवा. हे कुणी सांगत नाही. कुंथलं की दाब थेट तिथे जातो. रात्री इसबगोल, दिवसा भरपूर पाणी.

गणपती: मूर्ती भावाला किंवा मेव्हण्याला आणू द्या, तुम्ही पुढे झांज वाजवा. कंबरेत उसण भरलीय सांगा, आईला पटेल. मिरवणुकीत ढोल अजिबात नको. ढोल कंबरेला बांधला की प्रत्येक ठोक्याला कुठे आपटतो ते आठवा.

आता धावणं. मी दिवस मोजले नाहीत, एक परीक्षा लावली. व्यायाम करताना काय वाटतं ते सोडून द्यायचं. पळताना अंग गरम असतं, तेव्हा सगळं छानच वाटतं. त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर काय वाटतं ते बघायचं. कालच्याइतकंच किंवा कमी जड असेल तर पुढची पायरी. जास्त जड, ओढ लागलेली, सूज वाटली तर एक पायरी खाली आणि दोन दिवस तिथेच.

पायऱ्या माझ्या अशा होत्या: आधी नुसतं चालणं, इथल्या 'ज्वेल' बागेतल्या तळ्याभोवती, अगदी आजोबा लोकांच्या वेगाने (एक आजोबा मला मागे टाकून गेलेही). मग भरभर चालणं. दुसरा आठवडा संपत आला तसं चालता चालता मध्येच थोडं जॉगिंग. त्यानंतर सलग हळू. वेग आणि लांब पल्ला शेवटी. बहुतेकांचं हलकं धावणं आठवडा ते दोन आठवड्यांत सुरू होतं, कुणाला तीन लागतात. त्यात मर्दानगीचं काही नाही, ज्याची त्याची आतली जखम.

एक मात्र ठाणेकरांसाठी खास. आम्ही पामबीचवाले सपाटीवर, आम्हाला सोपं. तुमचं येऊर वेगळं. तुम्हाला चढाची काळजी वाटतेय, पण चढावर पाऊल छोटं पडतं, धक्का कमी बसतो. खरा हिसका उतारावर. गेटकडे परत येताना गुडघ्यांसकट सगळं आपटत खाली येतं. म्हणून पहिले काही रविवार चढ पळा, उतार चाला. त्यातून पावसाळा, शेवाळावर पाय घसरून मांड्या फाकल्या तर काय होईल याचा विचारही नको. तोवर उपवनच्या फेऱ्या काय वाईट आहेत?

स्टॅमिनाचं: दोन आठवडे बसलात तर दम थोडा कमी होतो आणि तेवढ्याच दिवसांत परत येतो. ते विश्रांतीमुळे, नसबंदीमुळे नाही. मेव्हण्याला भेटलात तर त्याने त्या वर्षी किती रविवार बुडवले ते विचारा. जानेवारीच्या फुलला अजून चार महिने आहेत. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर तुमचे पाय मागणार आहे, ही जागा नाही.

कळव्याचा_पैलवान

पामबीचवाल्यांनी सगळं सांगितलं, आधाराचं राहिलं.

ढगळ बॉक्सर घालून फिरू नका. लोंबकळलं की ओढ लागते आणि तीच संध्याकाळी 'जड' वाटते. एकतर क्रिकेटवाल्यांचा सपोर्टर घ्या, खेळाच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतो, आत कप घालायची गरज नाही. नाहीतर सरळ लंगोट. तालमीत शंभर वर्षं लोक उगाच लंगोट कसत नाहीत. आठवडाभर दिवसरात्र आधार ठेवा, पुढे व्यायामाच्या वेळी महिनाभर तरी.

पण दोन गोष्टी. आवळून बांधायचा नाही, खाली हात घालून नीट वर उचलून घेतल्यासारखा बसला पाहिजे. कुस्तीसारखा करकचून बांधलात तर उलट दुखेल. आणि ओला लंगोट अंगावर ठेवायचा नाही. या हवेत घामाने जांघेत नायटा व्हायला वेळ लागत नाही, तिथे जखम असताना तर नकोच. तीन-चार सुती घ्या, रोज धुवा, पावसात वाळत नसेल तर इस्त्री मारा.

वजनं: श्वास कोंडून उचलायची सवय असते ना आपल्याला, तो दाब खालीच जातो. सुरुवातीला हलकं वजन, उचलताना श्वास सोडायचा. स्क्वॉट, डेडलिफ्ट सगळ्यात शेवटी. बैठका पण लगेच नको. खांद्याचं, दंडाचं बसून हलकं काही करायचं तर दहा-बारा दिवसांनी करा, जिममध्ये हजेरी लागल्याचं समाधान.

घोडबंदरची_सून

एका बाईने लिहिलं तर चालेल ना?

माझे यजमान पोहणारे आहेत. त्यांनी केली तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'तुला काही अडचण होती का गं? त्याला कशाला पाठवलंस?' म्हणजे दोन बाळंतपणं, एक सीझर, वर पोटातलं ऑपरेशन, हे सगळं एका बाजूला, आणि त्याला वीस मिनिटं आडवं पडायला लागलं तर मी पाठवलं! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं आहे. नवऱ्याने केलंय असं प्रमाण ०.३ टक्के. सोपं, छोटं, पोट न उघडता होणारं जे आहे ते ०.३. असो, फेरीवाले, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. आणि तुम्हालाही.

कामाचं: पोहायला घाई करू नका. रोजची आंघोळ दुसऱ्या दिवसापासून चालते, जागा कोरडी ठेवायची. पण तलावाचं पाणी म्हणजे शंभर जणांचं पाणी. कातडी पूर्ण मिटून खपली पडेपर्यंत आम्ही थांबलो. पोहण्यात आपटणं नसतं म्हणून त्यांना वाटायचं की हेच आधी सुरू करावं, पण डॉक्टरांनी जखमेमुळे नाही सांगितलं. पुन्हा उतरले तेव्हा ब्रेस्टस्ट्रोकची लाथ सोडून फक्त फ्रीस्टाईल, तेही सुरुवातीला पाय न मारता पायांत फ्लोट धरून.

आणि आठवडाभर घरात 'मला जड उचलायचं नाही' म्हणून फिरलात ना, तर कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणं, मुलांचा अभ्यास, हे काही जड नसतं. आमच्याकडे हे सोफ्यावर बसून मटार सोलत होते. फार छान सोलतात, तेव्हा कळलं.

आरोग्यसेवक_निवृत्त

ठाणे जिल्ह्यात, शहापूर-मुरबाडकडे आयुष्यभर नोकरी केली. आता कोपरीत मुलाकडे असतो. नसबंदीची शिबिरं भरवणं हे माझं काम होतं, म्हणून लिहायचा हक्क समजतो.

फेरीवाले, तुम्ही धावण्याची तारीख विचारलीत, लंगोटाची चर्चा झाली, मटारही झाले. एकानेही वीर्याच्या तपासणीचा विषय काढला नाही! गड्यांनो, ऑपरेशन झालं त्या दिवशी नसबंदी लागू होत नाही. कापलेल्या जागेच्या पुढे नळीत आणि वीर्यकोशात आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, ते हळूहळू संपतात. त्याला साधारण तीन महिने धरायचे. तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करायची, अहवालात शुक्राणू नाहीत असं आलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की मग मोकळे. तोपर्यंत निरोध. माझ्या नोकरीत जे 'फेल' केस म्हणून आमच्याकडे भांडायला आले, त्यातल्या बऱ्याच जणांनी ही तपासणी केलेलीच नसायची. बायकोवर संशय घेणारेही पाहिले. तो संसार सावरायला आम्हाला त्या घरी किती खेटे घालावे लागायचे, ते मला विचारा. तपासणी स्वच्छ आल्यावरही दोन हजारांत एखाद्याच्या नळ्या पुन्हा जुळतात, तेवढं लक्षात असू द्या.

संबंध कधी, हे कुणी विचारलं नाही पण सगळ्यांना विचारायचं असतं. दुखायचं थांबलं की, साधारण आठवड्याने. सुरुवातीला वीर्यात थोडी लाली दिसली तर घाबरू नका, वारंवार दिसली तर दाखवा.

ताकदीची भीती खेड्यात होती, तशी इथे इंग्रजी बोलणाऱ्यांतही आहे. पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, रक्तातून जातं. नळीचा त्याच्याशी संबंध नाही. नळी कापली, रक्तवाहिनी नव्हे. वीर्याचं प्रमाणही डोळ्याला कमी झालेलं दिसत नाही, कारण त्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम पाच टक्क्यांपर्यंत. दाढी, दंड, दम सगळं जसंच्या तसं राहतं. मुरबाडकडचे माझे कित्येक गडी ऑपरेशननंतर भाताच्या लावणीला उतरले. पण आठवडाभर नांगर नाही आणि सायकल नाही, एवढं मी बजावून ठेवायचो. सरकारी सूचनाही तीच आहे: दोन दिवसांनी हलकं काम, आठवड्याने सायकलसकट सगळं. ती सर्वसाधारण माणसासाठी आहे, ४२ किलोमीटर पळणाऱ्यांसाठी कुणी वेगळी लिहिलेली नाही. म्हणून पामबीचवाल्यांची संध्याकाळ-सकाळची परीक्षा मला आवडली.

ही भीती आली कुठून, तर आणीबाणीतून. १९७६ साली एका वर्षात देशभर साठ लाखांवर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यातल्या कित्येक धाकदपटशाने. आपल्या विधिमंडळाने तर सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. त्यानंतर गावात आमची जीप दिसली की गडी रानात पळायचे. ही तुमची बिनटाक्याची पद्धत चीनमधल्या डॉ. ली शुनछियांग यांनी १९७४ मध्ये बसवली, आपल्याकडे नव्वदच्या दशकात आली. तोवर पुरुष जे बिचकले ते बिचकलेच. आता दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो. त्या दिवसांतही रांगा लागलेल्या मी पाहिल्या नाहीत.

शेवटचं आणि नीट वाचा. ताप, सूज कमी होण्याऐवजी दिवसागणिक वाढणं, लिंबाएवढा किंवा मोठा घट्ट गोळा, पू, लाल गरम कातडी, गोळी घेऊनही न थांबणारं दुखणं, यातलं काहीही दिसलं तर इथे लिहीत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या असतील त्याच, मनाने अॅस्पिरिन नको, त्याने रक्त पातळ होतं. आणि शंभरात एक-दोघांना महिनोन् महिने ठणका राहतो. तसं झालं तर 'मनाचे खेळ' म्हणून कुणी बोळवण केली तरी गप्प बसू नका, मूत्रविकारतज्ज्ञ गाठा. त्यावर उपचार आहेत.

उपवनचा_फेरीवाला

सगळ्यांचे आभार. काकांच्या प्रतिसादाची प्रिंट काढावी असं वाटतंय.

बॅगेचं तंतोतंत खरं निघालं. सोमवारी दिघ्याच्या आधी गाडी थांबली आणि माझा लॅपटॉप... जाऊ द्या. कंबरेतली उसण घरी चालली नाही. बायकोनेच आईला सांगून टाकलं. मला वाटलं आता महाभारत. आई म्हणाली, 'बरं केलंस. तुझ्या वडिलांना मी दोन वर्षं सांगत होते, शेवटी मीच गेले.' एवढंच बोलून नारळ फोडायला निघून गेली. मूर्ती धाकट्या भावाने आणली, मी छत्री धरली.

वाटाणा डॉक्टरांना दाखवला. म्हणाले टोकाशी झालेली गाठ आहे, बहुधा आपोआप बसेल, नुसती लक्षात ठेवा.

उपवनच्या फेऱ्या चालत सुरू आहेत. संध्याकाळचं जडपण आहे पण उतरतंय. दर रात्री शून्य ते दहात आकडा लिहून ठेवतो, नाहीतर मला माहीत आहे, मी स्वतःलाच फसवेन.

दोनचाकी_ऐरोली

माझी पुढच्या महिन्यात ठरलीय, म्हणून सगळं वाचत होतो. मी सायकलवाला, ऐरोली ते खारघर आणि परत अशी रविवारची रपेट. सरकारी सूचना आठवडा म्हणते ते ठीक, पण तीन-चार तास सीटवर म्हणजे?

पामबीच_पहाटे

आठवडा म्हणजे दूध आणायला सायकल न्यायची तर. आमच्या ग्रुपमधल्या सायकलवाल्यांचा अनुभव असा की धावणं आधी जमतं, लांब सायकल नंतर. धावताना आधार घालून हलणं कमी करता येतं, सीटवर मात्र भार पडायचा तो पडतोच. सुरुवातीला अर्धा तास, सपाट रस्ता, दर थोड्या वेळाने पेडलवर उभं राहायचं. सीट मधे खाच असलेली असेल तर उत्तम, नाक किंचित खाली करून बघा. थंडीत घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, बसायचा मोह होईल, तो टाळा. तिथे माणूस एकाच जागी खिळून बसतो, रस्त्यावर निदान खड्डे आले की उठतो तरी. आणि तारीख तुमच्या हातात आहे तर ती स्पर्धांचा मोसम संपल्यावर घ्या. फेरीवाल्यांसारखं गणपती आणि मॅरेथॉन यांच्या मधे अडकवू नका.

उपवनचा_फेरीवाला

मधे बरेच दिवस इकडे फिरकलो नाही, धावण्यात होतो. सांगायचं म्हणजे येऊर सुरू झालं. पहिल्या रविवारी चढ पळालो आणि उतार चालत आलो, तर ग्रुपमधल्या पोरांनी वरून जाताना 'काका, लिफ्ट देऊ का?' विचारलं. चालत आलो म्हणून दुसऱ्या दिवशी आकडा शून्य होता. पुढच्या वेळी अर्धा उतार पळालो, दोनवर गेला, म्हणून पुन्हा चाललो. आता पूर्ण पळतो. लांब पल्ला वाढवतोय, वेगाचं काम अजून आठवड्यातून एकदाच. सपोर्टर धावताना घालतोच. पैलवानांचा लंगोट मला बांधता येईना, माफी असावी.

तपासणीची वेळ आली आहे. घराजवळच्या लॅबमध्ये फोन केला तर पलीकडून 'कशाची टेस्ट?' असं तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा मी गच्चीवर जाऊन ओरडून सांगितलं. आता अख्ख्या इमारतीला माहीत आहे. ते म्हणतात नमुना घरून आणला तरी चालेल. आणायचा कसा, काही पथ्य?

आरोग्यसेवक_निवृत्त

आधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना त्यांनी दिलेल्या स्वच्छ डबीतच घ्यायचा, निरोधमध्ये घेऊन आणायचा नाही, त्याच्या वंगणाने तपासणी बिघडते. सगळा नमुना डबीत आला पाहिजे, पहिला थेंबसुद्धा सांडू नये. तासाभरात पोचवा, थंड पडू देऊ नका. खिशात अंगाच्या उबेला ठेवून नेलात तरी चालतं. डबीवर नाव आणि वेळ लिहा. सकाळी लवकर द्या, काही लॅब दुपारनंतर किंवा रविवारी हा नमुना घेत नाहीत. आणि कागदावर 'नसबंदीनंतरची तपासणी' असं लिहून घ्या, नाहीतर ते मूल होत नाही म्हणून करतात तोच अहवाल करून देतात आणि तुम्हाला नको ते सल्ले ऐकावे लागतात.